एका शिष्याची नोंदवही



वसंतातल्या व्याख्यानांना मंडळी येतात ती पानिपत ऐकावयास, फार तर फ्रेंच राज्यक्रांती. शिक्षकाच्या नोंदवहीलाही काही इतिहास असतो आणि तो तासभर सांगता येतो, असे कार्यक्रमपत्रिकेवर वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडली असल्यास तो दोष त्यांचा नव्हे. नोंदवही ही वस्तूच मुळी रुक्ष. परंतु आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती शाळेच्या कपाटातली हजेरीची वही नव्हे. एक शिक्षक आणि एकच विद्यार्थी समोरासमोर बसले आहेत. विद्यार्थी असा की त्याला बोलता येत नाही, किंवा दिसत नाही, किंवा माणसांकडे पाहावेसेच त्याला वाटत नाही. शिक्षकाने एखादी लहानशी कृती मागितली आहे. पेला उचल, हा आवाज काढ, हे चित्र दाखव. ती त्याला आज जमली की नाही, एवढेच शिक्षक कागदावर टिपून ठेवीत आहे. या टिपणाची गोष्ट दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात आशा आहे, फसगत आहे, क्रौर्यही आहे.

वर्गाच्या प्रगतिपुस्तकाशी या वहीचे नाते फार दूरचे. चाळीस मुलांत पस्तिसावा क्रमांक, असे प्रगतिपुस्तक सांगते तेव्हा ते आपल्या मुलाविषयी जितके बोलते तितकेच उरलेल्या एकोणचाळीस मुलांविषयी बोलते. एका शिष्याच्या वहीत तुलनेला दुसरे कोणीच नाही. आजचा मुलगा कालच्या त्याच मुलाशी ताडून पाहावयाचा. हे काम सोपे वाटते, आम्हांलाही वाटले होते. फार वर्षांपूर्वी एका भाच्याला पाढे शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही एक छोटी वही केली, रोज संध्याकाळी पाढा म्हणवून घ्यावयाचा आणि वहीत 'आला' असे लिहावयाचे. सातांच्या पाढ्यापुढे सलग पाच दिवस 'आला' लिहिले. सहाव्या दिवशी त्याच्या आईने सहज विचारले, "सात सक किती रे?" मुलगा क्षणभर थांबला आणि त्याने 'सात एके सात' पासून सुरुवात केली. आमच्या वहीत खोटे एक अक्षर नव्हते. पाढा त्याला येतच होता, सात सक किती ते मात्र येत नव्हते. आम्ही जे मोजले ते खरे होते आणि जे मोजले असे समजलो ते खोटे. पुढे या विषयाचे वाचन होत गेले तेव्हा ध्यानात आले की आमच्याहून कितीतरी थोर माणसे याच खड्ड्यात पडली आहेत. त्यांच्यातली काही आपण पडलो हे स्वतःच लिहून ठेवण्याइतकी प्रामाणिक होती, ही त्यांची थोरवी.

त्यांतले पहिले झां मार्क गास्पार इतार. इ. स. १८०० च्या जानेवारीत फ्रान्सच्या आवेरों या डोंगराळ प्रांतात, सँ-सेर्नँ गावाजवळ, बारा-एक वर्षांचा एक मुलगा रानातून बाहेर आला. अंगावर धड वस्त्र नाही, बोलणे नाही, थंडीवाऱ्याची पर्वा नाही. त्याच वर्षी ऑगस्टात त्याला पॅरिसला आणले. रानटी मुलगा पाहावयास शहर लोटले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले, कारण मुलगा कोपऱ्यात बसून नुसता पुढेमागे झुलत असे. वेड्यांच्या बेड्या काढणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या पिनेलने त्याला तपासून हा जन्मतः मतिमंद आहे असा निर्वाळा दिला. इतार त्या वेळी पंचविशी नुकती ओलांडलेला वैद्य होता, मुक्याबहिऱ्यांच्या सरकारी संस्थेत नुकताच लागलेला. त्याने पिनेलचे म्हणणे मानले नाही. मुलगा शिकलेला नाही तो त्याला कोणी शिकविले नाही म्हणून, असे त्याचे मत, आणि ते सिद्ध करण्यासाठी त्याने मुलाला पाच-सहा वर्षे शिकविले. 'ओ' हा ध्वनी कानावर पडला की मुलगा मान वळवितो असे दिसल्यावरून त्याचे नाव व्हिक्टर ठेवले. रोजचे खाणेपिणे, फिरणे, दुखणेखुपणे पाहण्यास मादाम गेरँ नावाची एक बाई होती. तिच्याविषयी इतिहासाने दोन ओळींपेक्षा जास्त लिहिले नाही, हे आम्हांस नेहमीच खटकते.

इतारने दोन अहवाल लिहिले, पहिला १८०१ चा आणि दुसरा १८०६ चा. एका शिष्याच्या नोंदवहीचा इतिहास आम्ही येथून धरतो. आरंभीच त्याने पाच उद्दिष्टे मांडली आणि प्रत्येकाखाली काय केले, काय साधले, काय साधले नाही ते लिहिले. दुसऱ्या अहवालाच्या सुरुवातीलाच तो बजावतो की या मुलाचे योग्य मोल करावयाचे तर त्याला इतर मुलांशेजारी उभे करू नये, त्याची तुलना त्याच्याशीच करावी. आज हे वाक्य साधे वाटेल, परंतु त्यापूर्वी ते इतक्या स्पष्टपणे कोणी अंमलात आणले होते असे आम्हांस दिसत नाही.

त्याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. व्हिक्टरला व्यवस्थेची विलक्षण आवड. वस्तू जागची हलली की तो ती परत जागी नेऊन ठेवी. याचा उपयोग करून इतारने फळ्यावर किल्ली, कात्री अशा वस्तूंची चित्रे काढली आणि प्रत्येक चित्राखाली ती ती वस्तू टांगली. मग वस्तू काढून घेतल्या आणि त्या लाव म्हणून मुलाच्या हाती दिल्या. मुलाने त्या अचूक जागच्या जागी लावल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा अचूक. आमच्यासारख्याने या ठिकाणी 'आले' असे लिहून वही मिटली असती. इतारला शंका आली. त्याने चित्रांच्या जागा बदलल्या, आणि मुलाने वस्तू जुन्याच क्रमाने लावल्या! चित्राकडे त्याने पाहिलेही नव्हते, किल्ली पहिली आणि कात्री दुसरी एवढेच ध्यानात ठेवले होते. आमच्या भाच्याचा सातांचा पाढा तो हाच. इतारने मग चित्रे वाढविली, जागा पुनःपुन्हा फिरविल्या, स्मरणशक्ती थकून गेली आणि मुलाला चित्र पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेव्हा कुठे तो चित्र आणि वस्तू यांचा मेळ घालू लागला. आपल्याला मिळालेल्या यशावर संशय घेण्याची ही रीत इतारची, आणि पुढच्या दीडशे वर्षांत जी जी शास्त्रीय टिपणाची पद्धत निघाली तिचे मूळ आमच्या मते या फळ्यात आहे.

दुधाची गोष्ट याहून हृद्य. दुधाला फ्रेंचमध्ये 'ले' म्हणतात. व्हिक्टरच्या तोंडून एके दिवशी हा शब्द निघाला. घरात केवढा आनंद! पण इतार बारकाईने पाहत होता. दूध पेल्यात पडल्यावर, ते समोर आल्यावर मुलगा 'ले' म्हणे. ते मिळण्यापूर्वी, ते मागण्यासाठी, नव्हे. शब्द आनंदाचा उद्गार होता, मागणी नव्हती. हा भेद इतारने नोंदला आणि त्याला यशाच्या रकान्यात घातले नाही. लिहिताना या शब्दाला चार अक्षरे लागतात. ती सुटी अक्षरे जुळवून दूध मिळविण्यास त्याने मुलाला शिकविले. काही दिवसांनी ते एका परिचित गृहस्थांकडे निघाले तेव्हा व्हिक्टरने आपण होऊन ती चार अक्षरे बरोबर घेतली, आणि तेथे पोहोचताच टेबलावर शब्द जुळवून दूध मागितले. कोणी सांगितलेले नव्हते, फळा नव्हता, शिक्षकाची खूण नव्हती. हे मात्र इतारने मोकळ्या मनाने लिहिले.

दुसऱ्या अहवालात सूर उतरलेला आहे. चिठ्ठीवर वस्तूचे नाव दाखविले की व्हिक्टर दुसऱ्या खोलीत जाऊन ती वस्तू आणी. इतारने एकदा ती खोलीच कुलुपबंद केली आणि 'पुस्तक' ही चिठ्ठी दाखविली. भोवती पुस्तके पडलेली होती, पण मुलगा हताश उभा. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे ते कुलपाआडचे एकच पुस्तक. महिनोन्‌महिन्यांच्या यशाचा अर्थ एका कुलपाने बदलून टाकला. अहवालात इतारने स्वतःचा संतापही लपविलेला नाही. मुलगा रागाने थैमान घालू लागला तेव्हा आपण त्याला उचलून उंच खिडकीबाहेर उलटे धरले, हे तो स्वतः लिहितो. ते वाचताना अंगावर काटा येतो. चांगली नोंद ठेवणारा मनुष्य चांगलेच वागेल, अशी हमी नोंदवही देत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा यावयाचा आहे.

इतारचा शिष्य सेगाँ. त्याने मतिमंद मुलांसाठी ही रीत वाढविली आणि तो पुढे अमेरिकेस गेला. या दोघांचे ग्रंथ रोमच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले, प्रत्येक शब्द तोलता यावा म्हणून. त्या बाई म्हणजे मारिया मॉंटेसरी. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला तो मॉंटेसरींच्याच विचाराने भारून. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत राहिल्या. तेव्हा मुलाला आधी पाहा, मग शिकवा, हा जो बालवाडीतला मंत्र महाराष्ट्राने ऐकला त्याच्या वंशावळीत आवेरोंचा तो रानातला मुलगा बसलेला आहे.

आता अमेरिकेत यावे. ३ मार्च १८८७ रोजी अलाबामा संस्थानातील टस्कंबिया या गावी ॲन सलिव्हन नावाची वीस वर्षांची मुलगी एका घरी शिक्षिका म्हणून उतरली. विद्यार्थिनी सहा वर्षांची, आंधळी आणि बहिरी: हेलन केलर. ॲनने तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून शब्द शिकविण्यास आरंभ केला. हौदाच्या नळाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. एका हातावर थंड पाणी पडते आहे, दुसऱ्या हातावर शिक्षिका 'पाणी' लिहिते आहे, आणि अकस्मात त्या मुलीला उमगते की प्रत्येक वस्तूला नाव असते. तो दिवस ५ एप्रिल १८८७.

गोष्टीत येत नाही ते ॲनच्या पत्रांत आहे. ती आपल्या जुन्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना नियमाने पत्रे लिही, आणि तीच तिची नोंदवही. हेलनच्या आत्मचरित्राबरोबर ती १९०३ साली छापली गेली. त्यांत ३१ मार्चची एक मोजणी आहे. हेलनला त्या दिवशी अठरा नामे आणि तीन क्रियापदे येत होती. ॲनने यादीच दिली आहे: बाहुली, किल्ली, कुत्रा, टोपी, पेला, दूध असे शब्द. त्या यादीत 'पाणी' आहे! म्हणजे नळाच्या पाच दिवस आधी वहीत 'पाणी' जमा झालेले होते. तळहातावर लिहिले की मुलगी तसेच लिहून दाखवी, वस्तू दिली की शब्द काढी, म्हणून तो शब्द तिला येत होता. आणि तरीही पेला आणि त्यातले पेय यांचा घोटाळा तिच्या डोक्यातून जात नव्हता. तो घोटाळा सोडवावा म्हणूनच तर ॲनने तिला नळापाशी नेले. परत येताना वाटेत हेलन हाताला लागेल त्या वस्तूचे नाव विचारीत सुटली. काही तासांत तीस नवे शब्द झाले.

मग ३१ मार्चची यादी चुकीची होती काय? आमचे मत तसे नाही. त्या यादीत ॲनने काही शब्दांपुढे फुलीची खूण केली आहे. डोळा, बोट, पायाचे बोट, डोके, हे ते शब्द. खुणेचा अर्थ ती सांगते की हे शब्द मुलीने आपण होऊन विचारले. बाकीचे शिक्षिकेने दिले, हे चार विद्यार्थिनीने मागितले. कोणा मानसशास्त्रज्ञाने तिला हे सांगितलेले नव्हते, रकाने आखून दिलेले नव्हते. पाच दिवसांनी जे घडावयाचे होते त्याची चाहूल एकवीस शब्दांच्या आकड्यात नव्हती, ती या चार फुल्यांत होती. अठराशे सत्त्याऐंशी सालातल्या या चार फुल्या आम्हांस कित्येक जाडजूड अहवालांहून मोलाच्या वाटतात.

यानंतर आकडेवाल्यांचे युग आले. १८८५ त एबिंगहाउसने स्वतःलाच विद्यार्थी करून निरर्थक शब्दावयव पाठ केले आणि विसरण्याचा आलेख काढला. १८९७ मध्ये अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्या उमेदवारांची गती आठवड्यामागून आठवडे मोजली, आणि रेघ चढता चढता मध्येच सपाट होते व पुन्हा चढते, हे दाखविले. तार शिकणाऱ्याला ती सपाट रेघ म्हणजे आपले डोके थांबल्याची खूण वाटे. आत काही घडत असते आणि वर दिसत नाही, हे त्या रेघेने सांगितले. १८९८ मध्ये थॉर्नडाइकने पिंजऱ्यातून सुटण्यास मांजराला दरखेपेस किती वेळ लागतो ते मांडले. यांचा विस्तार येथे नको.

स्किनरची गोष्ट मात्र टाळता येत नाही, कारण ती गमतीची आहे. हार्वर्डमधले हे तरुण संशोधक उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी पडेल अशी पेटी बनवीत होते. भंगारातल्या एका लाकडी चकतीपासून त्यांनी गोळ्या सोडणारे यंत्र केले. चकतीच्या मधोमध एक दांडा शिल्लक राहिला होता. तो कापून टाकण्याचा त्यांनी आळस केला. मग सुचले की या दांड्याभोवती दोरी गुंडाळली तर चकती फिरेल तशी दोरी उलगडेल आणि तिला बांधलेली लेखणी सरकत्या कागदावर रेघ काढील. अशी ती सुप्रसिद्ध बेरजेची रेघ जन्मास आली. कागद एकसारखा पुढे सरकतो, प्रत्येक कृतीला लेखणी एक पायरी चढते. उंदीर भराभर दांडी दाबू लागला की रेघ उभी चढते, थांबला की आडवी होते. तिच्यावर 'बरोबर', 'चूक', 'हुशार', 'मठ्ठ' असला एकही शेरा नाही. अमुक वेळात किती वेळा, एवढेच. १९३८ सालच्या त्यांच्या ग्रंथाची पाने अशा रेघांनी भरलेली आहेत. आळसातून शास्त्राला असा लाभ क्वचित होतो.

उंदरांवरून माणसांच्या मुलांवर ही रेघ आणली ती स्किनरांच्याच एका शिष्याने, ऑग्डेन लिंड्स्ली यांनी. दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ विमानातून खाली पडून जर्मनांच्या कैदेत राहिलेले. प्रयोगशाळेत उंदीर आपल्या अपेक्षेप्रमाणे वागला नाही की विद्यार्थी चरफडत, आणि स्किनर म्हणत की उंदराचे चुकत नाही, चुकत असेल तर तुमची अपेक्षा. लिंड्स्लींनी हे वचन उचलले आणि उंदराच्या जागी मूल घातले. मूल शिकत नसेल तर मुलाकडे बोट दाखवू नका, शिकविण्याची रीत बदला. आणि रीत बदलावयास हवी हे कळणार कशावरून? रोजच्या नोंदीवरून.

१९६५ साली ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि शिक्षकांना नोंदी ठेवण्यास शिकवू लागले. तेव्हा एक व्यवहारी अडचण उभी राहिली. प्रत्येक शिक्षक आपापला आलेख आपापल्या मापाने काढी. एकाचा उभा आस शंभरापर्यंत, दुसऱ्याचा दहापर्यंत. एकाची इवलीशी प्रगती डोंगराएवढी दिसे आणि दुसऱ्याची डोंगराएवढी प्रगती मुंगीसारखी. दुसऱ्याचा आलेख समजून घेण्यातच बैठक संपे. म्हणून लिंड्स्लींनी सर्वांसाठी एकच छापील निळा कागद तयार केला. आडवे १४० दिवस, म्हणजे वीस आठवडे. उभी मोजणी हजार मिनिटांत एक येथपासून मिनिटाला हजार येथपर्यंत. उभ्या मापाची खुबी अशी की प्रत्येक मोठी पायरी खालच्या पायरीच्या दहापट. त्यामुळे मिनिटाला दोन शब्द वाचणारे मूल चारांवर गेले आणि वीस वाचणारे चाळिसांवर गेले, तर कागदावर दोघांची चढण सारखीच दिसते. दोघांनीही आपली कालची गती दुप्पट केली, हे खरेच ना? इतारने शब्दांत मागितलेला न्याय, मुलाची तुलना मुलाशीच, तो या कागदाने रेघेत दिला. बरोबर उत्तरांना ठिपका, चुकांना फुली. लहान मुलेसुद्धा आपला कागद आपण भरीत.

शेकडेवारीवर लिंड्स्लींचा राग होता आणि तो आम्हांस पटतो. दहापैकी दहा उदाहरणे एका मिनिटात सोडविली तरी शंभर टक्के, आणि तीच अर्धा तास घाम गाळून सोडविली तरी शंभर टक्के! दुसऱ्या मुलाला अजून किती शिकावयाचे आहे ते हा शंभराचा आकडा गिळून टाकतो.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात दुसरी शाखा फुटली. नॉर्वेत जन्मलेले इवार लोवास लॉस एंजलिसच्या विद्यापीठात स्वमग्न मुलांना एकेकट्याने शिकवू लागले. शिक्षक सूचना देणार, मूल काही करणार, लगेच बक्षीस किंवा नकार. हा एक प्रयत्न. असे प्रयत्न दिवसातून शेकडो. १९६६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात न बोलणाऱ्या दोन मुलांचा आलेख छापला. तो आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पाहत राहिलो. खाली शिकवणीचे दिवस, आणि रेघेवर ठिपक्यांऐवजी ते ते आवाज आणि शब्दच छापलेले. शिकविण्यास घेतले त्या दिवशी लहान अक्षरांत, मुलाला पक्के झाले त्या दिवशी मोठ्या अक्षरांत. आरंभी एकेका आवाजासाठी दिवसच्या दिवस. मग अंतर कमी होत जाते आणि शेवटी रोज नवे शब्द. आईबापांच्या डोळ्यांना त्या रेघेत काय दिसले असेल!

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, याच गटाचा दुसरा निबंध प्रसिद्ध झाला होता. पाच वर्षांच्या जुळ्या भावांना अनवाणी उभे करून जमिनीतून विजेचा धक्का दिला, धक्का चुकविण्यासाठी ती माणसाजवळ येऊ लागली, आणि त्याचेही आलेख आहेत. व्यवस्थित, नीटनेटके, अक्षांवर मापे लिहिलेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकाने या कामाची छायाचित्रे छापली. त्यांत प्रेमाने घेतलेले मूलही होते आणि थप्पड खाणारेही. १९८७ साली लोवास यांनी जाहीर केले की आठवड्याला चाळीस तास शिकविलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत इतरांसारखी शिकू लागली. या आकड्याने जगभर आशा पसरली आणि वादही माजला, कारण कोणते मूल कोणत्या गटात जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. त्या पहिल्या काळातल्या शिक्षा पुढे बहुतेक ठिकाणी सुटल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु आलेखाच्या बाजूने पाहिले तर बक्षिसाची रेघ आणि धक्क्याची रेघ यांत काहीच फरक नाही. दोन्ही चढतात. मूल जवळ आले की नाही ते रेघ सांगते. कशाच्या भयाने आले ते सांगण्यास तिच्यावर जागा नाही.

शास्त्रज्ञांना दुसरा एक धोका दिसला होता. १९६८ मध्ये या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिझ्ली या तिघांनी एक मार्मिक प्रश्न टाकला. आलेख चढला तेव्हा नक्की बदलले कोण, शिकणारा की टिपणारा? सलग तीन आठवडे एका मुलाशी झटणाऱ्या शिक्षकाला शेवटी अर्धवट आवाजही शब्द वाटू लागतो. प्रेम असते ना! म्हणून दोन माणसांनी एकमेकांचा कागद न पाहता टिपण करावे आणि नंतर ताडून पाहावे, ही रीत पडली. जमाखर्च तपासण्यास आपण हिशेबतपासनीस ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

आज महाराष्ट्रातही स्वमग्न मुलांना एकास एक शिकविणाऱ्या शाळा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख आहे. अशाच एका शाळेत आम्ही काही दिवसांपूर्वी जाऊन बसलो. शिक्षिकेच्या हाती एक साधा कागद, त्यावर ओळीला दहा चौकटी. मुलाने आपण होऊन केले तर अधिकाची खूण, केले नाही तर उण्याची, आणि हात धरून किंवा बोटाने दाखवून करवून घेतले तर तिसरी खूण. ही तिसरी खूण म्हणजे व्हिक्टरच्या फळ्याचा आणि हेलनच्या चार फुल्यांचा वारसा. काही ठिकाणी दर प्रयत्न टिपतात, काही ठिकाणी दिवसाचा अगदी पहिला प्रयत्नच टिपतात. रात्र उलटल्यावर, कोणतीही उजळणी न करता, मुलाला काय येते ते पाहावयाचे. पहिल्या रीतीने शिक्षकाचे डोळे मुलावरून कागदावर जातात, दुसरीने कागद सुटसुटीत होतो. २००९ साली अमेरिकेत या दोहोंची तुलना झाली. पहिल्याच प्रयत्नावर भिस्त ठेवली की 'आले' असे थोडे लवकर ठरते, आणि दर प्रयत्न टिपून शिकविलेले पुढे थोडे अधिक टिकते, असे तीत दिसले. फरक थोडा होता. आता तर फोनवर बोट टेकले की खूण उमटते आणि आलेख आपोआप निघतो.

त्या शिक्षिकेच्या कागदावर एक ओळ सबंध उण्यांची होती. आम्ही विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "त्या दिवशी बाहेर लग्नाचा बँड होता. त्याने कान घट्ट धरून ठेवले होते. ते कुठल्या चौकटीत लिहू, सांगा." मग त्यांनी कागद उलटा करून दाखविला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तारीखवार बारीक मजकूर होता. बँड, झोप झाली नाही, आजोबा गावाला गेले, आज त्याने माझी पर्स स्वतः आणून दिली.

गेल्या काही दशकांत आणखी एक गोष्ट घडली आहे. ज्या मुलांविषयी असे कागद भरले गेले त्यांच्यापैकी कित्येकजण मोठे झाले, लिहू लागले आणि सभांतून बोलू लागले. स्वमग्न प्रौढांचे एक गाऱ्हाणे वारंवार ऐकू येते: आमचे हात हलणे थांबले हे मोजले गेले, डोळ्याला डोळा किती क्षण भिडला हे मोजले गेले, पण हात हलविल्याने आम्हांला बरे वाटत होते हे कोणी मोजले नाही. दुसरीकडे, मुलाच्या तोंडून पहिला शब्द ऐकलेले आईबाप हेच कागद जपून ठेवतात. दोघेही खरे बोलत आहेत. आम्हांला विचाराल तर 'हात हलविणे थांबले' हा रकानाच आम्ही वहीत आखणार नाही; स्वतःला इजा करून घेणे थांबले, हा जरूर आखू. कोणता रकाना आखावयाचा हे ठरविताना ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला विचारण्याची सोय इतारच्या काळी नव्हती. आता ती होऊ लागली आहे.

व्हिक्टरचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. १८०६ नंतर इतारने शिकवणी सोडली. सरकारने मादाम गेरँला सालिना काही रक्कम बांधून दिली आणि तिने मुलाला संस्थेजवळच्याच एका घरी आपल्यापाशी ठेवले. इतार पुढे कानाच्या रोगांचा नामांकित वैद्य झाला. व्हिक्टरविषयी तिसरा अहवाल त्याने लिहिला नाही. व्हिक्टर १८२८ पर्यंत जगला, म्हणजे शेवटच्या नोंदीनंतर बावीस वर्षे. दूध लागले म्हणजे तो त्या घरी काय करीत असे, अक्षरे जुळवी, 'ले' म्हणे की नुसता पेला पुढे करी, हे मादाम गेरँला ठाऊक होते.